ब्रायटनच्या राजवाड्यातलं हिंदी इस्पितळ: माणुसकी की जाहिरात?

कृष्णाकाठ:
डिसेंबर 1914, पहिलं महायुद्ध. इंग्लंडमधल्या ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे चौथ्या जॉर्जचा घुमटांचा राजवाडा, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांचं इस्पितळ झाला. झुंबरांखाली खाटा, राजाच्या मुदपाकखान्यात शस्त्रक्रिया. जातधर्म सांभाळून नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ, शिखांसाठी बागेत तंबूतला गुरुद्वारा. दगावलेल्या 53 हिंदू-शिखांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथे 1921 पासून त्यांच्या स्मारकाची संगमरवरी छत्री उभी आहे. आपल्या माणसांची इतकी बूज राखली गेली, त्याला नुसतं ढोंग म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पलटणकर:
नाही पटलं. याच राजवाड्याची पुस्तिका इंग्रजी, उर्दू आणि गुरुमुखीत छापली, पोस्टकार्डं काढली. कुणासाठी? पंजाबातून रंगरूट मिळत राहावेत म्हणून. त्याच गावातलं किचनर इस्पितळ बघा: भोवती काटेरी तार, दारावर पहारा. हिंदी शिपाई गोऱ्या बायकांशी बोलेल, ही धास्ती! तिथल्या एका हिंदी सब-असिस्टंट सर्जनने, म्हणजे दुय्यम डॉक्टरने, या कोंडमाऱ्यापायी प्रमुख कर्नल सीटनवर पिस्तूल रोखलं आणि सात वर्षं सक्तमजुरी भोगायला गेला.

कृष्णाकाठ:
तारेचं मान्य, ती लाजिरवाणीच. पण पुस्तिका छापली म्हणून जखम धुणारा हात खोटा ठरत नाही.

वॉर्ड नं. 7:
मी तीस वर्षं परिचारिका होते. रुग्ण बरा झाला की तो घरी जावा, एवढीच आमची इच्छा असते. इथे बरा झालेला शिपाई बार्टन-ऑन-सीच्या विश्रांतीकेंद्रात अंगात बळ येईपर्यंत ठेवायचा आणि धडधाकट झाला की पुन्हा फ्रान्सला धाडायचा. ऑगस्ट 1915 मध्ये पॅव्हिलियनच्या हिरवळीवर इंग्लंडच्या राजाने जमादार (फौजेतले कनिष्ठ हिंदी अधिकारी) मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक, दिलं. बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत विषारी वायू छातीत गेलेला माणूस! त्यांनी राजाकडे मागणं काय केलं? एकदा जखमी झालेल्याला परत लढायला पाठवू नका. दोन्ही बाजूंच्या या वादात त्यांचं म्हणणं कुणी काढलंच नाही, म्हणून लिहिते.

पलटणकर:
ताई, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट सांगितलंत. आता मराठ्यांचं बघा. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या आपल्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून खडखडत तैग्रिस नदीपर्यंत आणलं, बोटींवर कोंबलं. त्यातली एक बोट बसरा बंदराला लागली तेव्हा माणसं स्वतःच्या घाणीत पडली होती. मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने हे वर कळवलं, तर त्यालाच अटकेची धमकी मिळाली! 1917 मध्ये चौकशी अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना पायउतार व्हावं लागलं. सरकार तेच, वर्षही तेच. ब्रायटनला फोटोवाले होते, तैग्रिसवर कुणी नव्हतं.

कृष्णाकाठ:
बोटींचं वाचून गलबललं. सरकारच्या हेतूबद्दल तुमचं खरं असेल, ते मी सोडतो. ब्रायटनच्या डॉक्टरांचं श्रेय मात्र सोडत नाही. कार्टरही त्यांच्यासारखाच डॉक्टर होता.

पलटणकर:
कार्टरला माझाही मुजरा. पण छत्रीजवळ 2010 मध्ये त्या 53 जणांची नावं कोरली. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांच्या जागी पलटणीच्या नावापुढे फक्त मेलेल्यांचा आकडा आहे.