अमेरिकन गाडी की जपानी? निदान खापर तरी कामगारावर फोडू नका

नोव्हायकर:
गेल्या शनिवारी आमच्याकडे आठ-दहा जण जेवायला होते. पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा इथली पहिली गाडी घेणार होता, त्यावरून विषय निघाला. पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं: जपानीच घे, अमेरिकन गाडीच्या वाटेला जाऊ नकोस. त्याला माझी हरकत नव्हती. पण पुढचं वाक्य झोंबलं. "इथले कामगार आळशी, युनियनने त्यांना बसून पगार खायला शिकवलंय, गाड्या चांगल्या होणार कुठून?" मी डेट्रॉईटच्या आसपास बावीस वर्षं सुट्या भागांच्या कंपन्यांमध्ये क्वालिटीचं काम करतोय. जेवणाच्या टेबलावर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा (जीएम) कारखाना होता. 1982 साली तो बंद पडला. त्याची ख्याती अशी की एखाद्या दिवशी पाचातला एक माणूस कामावरच नसायचा, आवारात दारू चालायची आणि कामगारांच्या तक्रारींचे ढीग साचलेले असायचे. 1984 साली टोयोटा आणि जीएमने भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला, 'न्यूमी' या नावाने. छप्पर तेच, युनियन तीच, घेतलेली माणसंही बहुतेक जुनीच. त्यातल्या काही शे लोकांना जपानला शिकायला पाठवलं. दोनेक वर्षांत याच हातांनी बनवलेल्या गाड्या जपानी कारखान्यांतल्या गाड्यांच्या तोडीला आल्या. ज्यांना आपण आळशी म्हणतो, तीच ही माणसं.

मग बदललं काय? जुन्या व्यवस्थेत गाड्या जोडायची लाईन थांबवणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा होता. चुकीचा भाग बसला तरी गाडी पुढे सरकायची, शेवटी आवारात उभी राहायची आणि तिथे ती पुन्हा खोलून दुरुस्त करत बसायचे. न्यूमीत प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी होती. काही खटकलं की ओढायची. टीम लीडर धावत यायचा आणि आधी मदत करायचा. ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाईन थांबायची, आणि त्याबद्दल कुणी ओरडायचं नाही.

हे मला पुस्तकी वाटत नाही, कारण माझ्या पहिल्या नोकरीत नेमकं उलटं पाहिलंय. एका ब्रॅकेटचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं होतं. लाईनवरच्या एका बाईने बोट घालून बघितलं आणि तीन वेळा सुपरवायझरला दाखवलं. "पुढे पाठव, आजचा आकडा पूर्ण करायचाय." दहा दिवसांनी गिऱ्हाइकाकडून अख्खा ट्रकभर माल परत आला. चौकशीत पहिला प्रश्न कुठला, तर "त्या शिफ्टला मशिनवर कोण होतं?" त्या बाईचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

आणखी एक. न्यूमीच्या एकाच लाईनवर टोयोटा कोरोला आणि जीएमची प्रिझम बनायची. गाडी जवळजवळ तीच, बिल्ला वेगळा. तरी लोक कोरोलाला जास्त पैसे मोजत, आणि रिसेललाही तीच पुढे. एकदा गेलेली पत मालाचा दर्जा सुधारला म्हणून लगेच परत येत नाही. अमेरिकन कंपन्या पुढची वीस-पंचवीस वर्षं याचीच किंमत मोजत होत्या. 2009 साली क्रायसलर आणि जीएम दिवाळखोरीत गेल्या, त्यामागे हीही गोष्ट होती.

डॅलसचा ट्रकवाला:
नोव्हायकर, कामगारांबद्दल जे लिहिलंत त्याला शंभर टक्के अनुमोदन. पण तुम्हीही अमेरिकन गाडी वाईटच असं गृहीत धरून बसलात, आणि ते चाळीस वर्षांपूर्वीचं चित्र आहे.

माझा फरशी-टाइल्सचा धंदा आहे. मागे ट्रेलर जोडून रोज दोन-अडीच टन माल ओढतो, टेक्सासच्या उन्हात. माझा फोर्डचा ट्रक 2 लाख 40 हजार मैल चाललाय. ब्रेक, टायर, एक पाण्याचा पंप, बाकी इंजिनाला हात लावलेला नाही. सीटच्या कडा फाटल्यात, पण दार लावलं की आवाज अजून पहिल्या दिवसासारखाच दणकट येतो. फोर्डची एफ-सिरीज 1977 पासून इथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. धंदेवाला माणूस भावनेपोटी ट्रक घेत नाही, ट्रक बंद पडला तर त्याची त्या दिवसाची रोजी बुडते.

आणि जपानी काय धुतल्या तांदळासारखे आहेत? आपोआप वेग वाढणाऱ्या गाड्यांच्या प्रकरणात टोयोटाने ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून 2014 साली अमेरिकन सरकारला 1.2 अब्ज डॉलर भरले. अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत मोठा रिकॉल, म्हणजे दोषामुळे गाड्या परत बोलावणं, टाकाटाच्या एअरबॅगचा, ती कंपनी जपानी. 2024 साली टोयोटाला टुंड्रा ट्रकच्या इंजिनात यंत्रकामाचा कचरा राहिल्यामुळे लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जर्मनांचं तर विचारूच नका: फोक्सवागनने जगभरात 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत धूर तपासणीला फसवणारं सॉफ्टवेअर घातलं होतं.

शिवाय तुमच्या त्याच फ्रीमाँटमध्ये आज टेस्ला गाड्या बनवते. जगाला इलेक्ट्रिक गाडीची गोडी अमेरिकन कंपनीने लावली. तेव्हा टोयोटा हायब्रिडच्या पुढे जायला फारशी तयार नव्हती.

नोव्हायकर:
तुमच्या ट्रकबद्दल वाद नाही. मोठा ट्रक अमेरिकन कंपन्यांना जसा जमतो तसा दुसऱ्या कुणाला जमत नाही. पण तो ट्रक एका भिंतीच्या आड वाढलाय हेही सांगायला हवं.

साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली. उत्तर म्हणून अमेरिकेने 1964 पासून बाहेरच्या हलक्या ट्रकवर 25 टक्के कर बसवला. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, कर राहिला. इथे त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. खुद्द फोर्ड तुर्कस्तानातून छोट्या व्हॅन आणताना मागच्या सीट बसवून आणायची, म्हणजे कागदावर ती प्रवासी गाडी. बंदरात उतरल्यावर सीट काढून टाकायची. त्या प्रकरणात 2024 साली फोर्डने 36 कोटी 50 लाख डॉलर भरून तडजोड केली.

जिथे भिंत नव्हती तिथे काय झालं? 1973 च्या तेलटंचाईनंतर लोकांना कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी हवी होती. ती होंडा-टोयोटाकडे तयार होती. 2018 साली फोर्डने जाहीरच केलं की अमेरिकी बाजारासाठी सेडान बनवणं बंद करणार. ज्या मैदानावर बरोबरीची लढत होती, ते सोडून दिलं.

रिकॉलचं म्हणाल तर 2025 साली एका वर्षात सर्वाधिक रिकॉलचा विक्रम फोर्डने मोडला, तोही वर्ष निम्मं सरल्यासरल्या.

कोल्हापूर ते कोलंबस:
मी ओहायोत एका जपानी कंपनीच्या पुरवठादाराकडे लाईनवर सहा वर्षं काम केलं, आता प्लॅनिंगला आहे. दादा, तुमच्या दोरीच्या गोष्टीशी मी सहमत नाही. म्हणजे दोरी आहे, खरीच आहे. पण ती कोण ओढू शकतो?

आमच्या लाईनवर निम्मे लोक एजन्सीतर्फे आलेले होते. काम तेच, तासाला पैसे कमी, आणि उद्या या म्हणतील की नाही याची खात्री नाही. एका शिफ्टमध्ये दोनदा मदतीचं बटण (म्हणजे तुमची दोरीच) दाबलं की तिसऱ्यांदा हात आपोआप मागे यायचा. कुणी रागवायचं नाही, पण महिन्याच्या शेवटी यादीत कुणाचं नाव नसायचं ते आम्हाला कळायचं. मनगटाला पट्टा बांधून क्लिपा बसवणारी माझी मैत्रीण दुखतंय हे सांगायला घाबरायची. टीम लीडर धावत येतो ते खरं, पण तो गाडीसाठी धावतो की माणसासाठी, हे तिथे उभं राहिल्यावर समजतं.

माणसाला मान पद्धतीने मिळत नाही, करारपत्राने मिळतो. 2023 च्या सप्टेंबरात युएडब्ल्यू या वाहन कामगारांच्या युनियनने डेट्रॉईटच्या तिन्ही कंपन्यांविरुद्ध (जीएम, फोर्ड आणि क्रायसलरची मालक स्टेलांटिस) एकाच वेळी संप केला आणि साडेचार वर्षांत 25 टक्के पगारवाढ मिळवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत होंडाने इथल्या कामगारांना 11 टक्के वाढ दिली, टोयोटानेही दिली. या कारखान्यांत युनियन नाही. मग हे पैसे अचानक कुठून आले? ज्या अमेरिकन युनियनला तुमच्या पाहुण्यांनी नावं ठेवली, तिच्या भीतीने आले.

आणि 'अमेरिकन गाडी' म्हणजे नक्की कुठली? होंडा अकॉर्ड 1982 पासून 2025 पर्यंत इथे मेरिसव्हिलला बनायची. टोयोटा कॅमरी 1988 पासून केंटकीत.

नागोयातून:
थोडक्यात दोनच गोष्टी. एक, ज्याला आपण जपानी पद्धत म्हणतो तिची मुळं अमेरिकेत आहेत. टोयोटाचे एजी टोयोदा 1950 साली डेट्रॉईटजवळचा फोर्डचा रूज कारखाना बघायला गेले होते. त्याच वर्षी डेमिंग या अमेरिकन माणसाने जपानी इंजिनियरांना दर्जा नियंत्रणाची व्याख्यानं दिली, आणि 1951 पासून त्यांच्या नावाने इथे जपानमध्ये पारितोषिक दिलं जातं. लागेल तेवढाच माल मागवायचा, ही कल्पना टोयोटाचे इंजिनियर ओनो यांना अमेरिकन सुपरमार्केटवरून सुचली.

दोन, इथेही सगळं आलबेल नाही. टोयोटाच्याच दायहात्सूने वर्षानुवर्षं सुरक्षा चाचण्यांत लबाडी केल्याचं उघड झालं आणि 2023 च्या डिसेंबरात तिला सगळ्या गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. चौकशीत कारण निघालं ते असं: वरून आलेली तारीख गाठायचीच, आणि नाही म्हणायची सोय नाही. नोव्हायकरांचं ते ब्रॅकेट आठवलं.

जकातीच्या भिंतीबद्दल मात्र पूर्ण सहमत. जपानमध्ये बाहेरच्या गाडीवर आयात कर शून्य आहे, 1978 पासून. तरी फोर्ड 2016 साली इथून गाशा गुंडाळून गेली. माझ्या गल्लीत समोरून गाडी आली तर आरसे मिटून घ्यावे लागतात. इथे कोण घेणार अमेरिकन आकाराची गाडी?

तळेगाव दाभाडे:
तुम्ही सगळे लाईनवरच अडकलात. माझं मत वेगळं आहे. लाईन उत्तम असूनही कंपनी बुडते, त्याचं उदाहरण माझ्या घरापासून चार किलोमीटरवर आहे.

जीएम मुंबईत शिवडीला 1928 साली गाड्या जोडायची. म्हणजे या देशात सुझुकीच्या कितीतरी आधी. नंतर गेली आणि नव्वदीत परत आली. तळेगावचा कारखाना 2008 साली सुरू झाला. तिथल्या पोरांचं काम पाहिलेले लोक आजही नाव काढतात. भारतात जीएमच्या शेव्हरोले गाड्यांची विक्री 2017 अखेर थांबली, तरी तळेगावहून गाड्या परदेशी जात राहिल्या, थेट 2020 च्या डिसेंबरपर्यंत. हाताला दोष असता तर मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाने घेतल्या असत्या का?

दोष कुठे होता? शेव्हरोलेची स्पार्क मुळात कोरियन देवूची मॅटिझ, तर सेल आणि एन्जॉय या गाड्या चीनमधल्या भागीदारीतून आलेल्या. आपल्याकडच्या माणसाला काय हवं, गाडी ॲव्हरेज किती देईल, बारामतीला स्पेअर मिळेल का, हा विचार करून मुळापासून इथल्यासाठी गाडी आखलीच नाही. मारुतीने 1983 साली 800 दिली आणि मागोमाग गावोगावी मेस्त्री तयार केले. फोर्डनेही इकोस्पोर्टसारखी छान गाडी आणली, पण 2021 साली भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांकडे गेला, जीएमचा तळेगावचा ह्युंदाईकडे.

गाडी चुकीची निवडली असेल तर ती कितीही नीट जोडा. मला तरी हा मुख्यालयातल्या टेबलाचा दोष वाटतो.

नोव्हायकर:
तळेगावकर, हे मी मान्य करतो, माझ्या लिहिण्यात ही बाजू आलीच नव्हती. न्यूमीतून शिकून आलेले जीएमचे मॅनेजर आपापल्या जागी परतले तेव्हा त्यांचं ऐकायला वरचे लोक तयार नव्हते. लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नायसला तीच पद्धत आणायचा प्रयत्न झाला, पण धड रुजली नाही, आणि 1992 साली तो कारखानाच बंद केला. दोरी छतातच होती, पण वरच्या मजल्यापर्यंत ती कुणी नेलीच नाही.

कोलंबसच्या ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. बटणाकडे गेलेला हात मागे येतो, हे मला क्वालिटीच्या खुर्चीतून कधी दिसलं नव्हतं. आमच्याकडेही एजन्सीचे लोक आहेत. सोमवारपासून बटण किती वेळा दाबलं गेलं याच्या नोंदी मी कायम आणि एजन्सी अशा वेगळ्या काढून बघणार आहे.

त्या मुलाने काल गाडी घेतली, सात वर्षं जुनी कॅमरी. संध्याकाळी दाखवायला आला. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात गाडीचा चासी नंबर कोरलेली पट्टी असते, ती त्याला वाचायला लावली. पहिला आकडा 1, 4 किंवा 5 असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, 3 असेल तर मेक्सिकोत, 'J' हे अक्षर असेल तर जपानमध्ये. त्याच्या गाडीवर 4 होता. शनिवारी युनियनवर सगळ्यांत जास्त बोलणारे गृहस्थही सोबत आले होते. ते आपल्या शेव्हरोलेकडे गेले, मोबाईलचा टॉर्च लावून वाकून बघितलं, आणि तिथूनच म्हणाले, "तीन आहे रे."