अनुभव धागा: अलीची सर्वोत्तम लढत कोणती, आणि त्यात नेमकं काय बघायचं?

बॉक्सर महंमद अलीच्या लढती पुन्हा पुन्हा बघणारे इथे बरेच जण आहेत. त्यांच्या नजरेला जे दिसतं ते एका जागी यावं म्हणून हा धागा. विनंती एवढीच, की नुसतं 'अफाट' म्हणून थांबू नका. कोणती राउंड, पाय कुठे, हात कुठे, समोरच्याचं काय चुकलं, ते लिहा. हरलेल्या लढतीही चालतील.

दोरापलीकडे:
क्लीव्हलंड विल्यम्स, १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम. जेमतेम तीन राउंड, पण अलीचं सगळं कसब त्यात आहे. पहिल्यांदा बघताना ठोसे बघूच नका, पाय बघा. अली जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारतो तेव्हा डावा पाय जमिनीला टेकताना ठोसाही पोचलेला असतो, आणि विल्यम्स उलटा मारेपर्यंत तो अर्धं पाऊल डावीकडे सरकलेला असतो. दुसऱ्या राउंडमध्ये विल्यम्स तीनदा खाली गेला, तिसऱ्यांदा घंटेनं वाचवलं. तिसऱ्यात पुन्हा पडला आणि पंचांनी १ मिनिट ८ सेकंदांवर लढत थांबवली.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९६४ मध्ये विल्यम्सला पोलिसाची गोळी लागली होती, त्यात एक मूत्रपिंड गेलं आणि गोळी शरीरातच राहिली. समोरचा माणूस पूर्ण ताकदीचा नव्हता. अलीचं तंत्र त्यामुळे खोटं ठरत नाही, पण 'सर्वोत्तम विजय' म्हणताना हे विसरू नये.

कोपऱ्यातलं स्टूल:
मग सोनी लिस्टन, २५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. तेव्हा अलीचं नाव कॅशियस क्ले होतं. लिस्टनच्या हातांचा पल्ला ८४ इंच, क्लेचा ७८. लिस्टनची खरी हत्यारं डाव्या हाताची, जॅब आणि हूक (कोपर वाकवून बाजूनं फिरवलेला ठोसा). म्हणून क्ले सतत स्वतःच्या डावीकडे फिरतो, म्हणजे लिस्टनच्या डाव्या हातापासून लांब. पाचवी राउंड जरूर बघा. डोळ्यांत काहीतरी गेल्यामुळे क्लेला नीट दिसत नव्हतं. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं स्पंजनं डोळे धुऊन त्याला ढकलून परत पाठवलं, आणि तो डावा हात लिस्टनच्या कपाळावर टेकवून अंतर राखत राहिला. सहा राउंडनंतर लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही.

डावा हूक:
माझं मत किन्शासाला, ३० ऑक्टोबर १९७४, जॉर्ज फोरमनविरुद्धची लढत. दोराला टेकून मार खाल्ला आणि फोरमन दमला, असं जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. आधी पहिली राउंड बघा. अली उजव्या हातानं सुरुवात करतोय, जॅब न मारता. उजवा ठोसा मागच्या खांद्यावरून येतो, वाट लांब असते, समोरच्याला तो दिसतो, आणि चुकला तर हनुवटी उघडी पडते. म्हणून नावाजलेल्या हेवीवेटवर असं कुणी करत नाही. फोरमनची तयारी जॅबसाठी होती, त्यामुळे हे ठोसे बसले. पण फोरमन रिंग कापण्यात, म्हणजे समोरच्याची वाट अडवून त्याला कोंडण्यात पटाईत होता. तसंच पळत राहिलं असतं तर पाय संपले असते अलीचे.

दुसऱ्या राउंडपासून दोर. ते दोर सैल होते, त्यामुळे अलीला डोकं रिंगबाहेर झुकवता येत होतं. फोरमनचे लांबून फिरवलेले ठोसे दंडांवर, कोपरांवर, नाहीतर हवेत. मिठीत सापडला की अली त्याची मान खाली दाबतो. एखादा माणूस मानेवर लटकवून धावायला लावावं तसं ते दमवणं. आणि दर राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात अली सरळ ठोसे मारतोय, हे मोजून बघा. लढत थांबली तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर तोच पुढे होता. आठव्या राउंडचा शेवट: डाव्या हूकनं फोरमनचं डोकं वर येतं, मागोमाग उजवा सरळ तोंडावर. फोरमन गोल फिरत पडतो. अलीचा उजवा हात पुढच्या ठोशासाठी उगारलेला असतो, पण तो मारत नाही.

पंधरावी राउंड:
हरलेली लढत चालेल म्हणालात म्हणून ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जो फ्रेझरविरुद्ध. अलीची जुनी खोड: अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारताना उजवा हात गालावरून खाली जातो, आणि ठोसा चुकवताना डोकं सरळ मागे ओढतो. १९६३ मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हूकनं तो वेम्बलीत पडला होताच. फ्रेझरच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षक एडी फुटचनं हे हेरलं होतं. उजवा हात खाली गेला की हूक, बस. पंधराव्या राउंडमध्ये तोच हूक जबड्यावर बसला. अली लगेच उठला आणि राउंड पूर्ण केली. निकाल एकमतानं फ्रेझरचा, तोही न्याय्य.

दोरापलीकडे:
फुटचचं नाव निघालं म्हणून. केन नॉर्टनही त्याच्याच हाताखालचा. ३१ मार्च १९७३ ला सॅन दिएगोत नॉर्टननं अलीचा जॅब उजव्या पंज्यात झेलत त्याच क्षणी स्वतःचा जॅब मारला. जॅब संपल्यावर नव्हे, जॅबसोबत. अलीचा जबडा मोडला आणि तो हरला. ज्यांना अलीवर तोडगा समजून घ्यायचाय त्यांनी फ्रेझरआधी ही लढत बघावी.

कोपऱ्यातलं स्टूल:
आणि १ ऑक्टोबर १९७५, मनिला. सुरुवातीच्या राउंडमध्ये अली पाय रोवून मारतोय, मधल्या राउंडमध्ये फ्रेझर त्याच्या बरगड्या फोडतोय. वेळ कमी असेल तर बारा ते चौदा सलग बघा. फ्रेझरचे डोळे सुजलेत, अलीचा उजवा हात त्याला येताना दिसत नाही, म्हणून तो पूर्वीसारखा डोकं हलवून चुकवत नाही. तेराव्यात फ्रेझरचं दातांचं कव्हर उडतं. पंधरावीसाठी फ्रेझर तयार होता, फुटचनं त्याला उठू दिलं नाही.