'चऱ्हाट' म्हणजे चरित्र का?

टाचण

सुट्टीला आलेल्या भाच्याला रोज रात्री जेवणानंतर चार पानं विनोदी वाचून दाखवायची, असा नेम धरलाय. वय तेरा, शाळा इंग्रजी. मराठी बोलतो झकास, वाचायचं म्हटलं की पाणी प्यायला उठतो. कपाटातून चिं. वि. जोशींचं 'चिमणरावांचे चऱ्हाट' काढलं, तर मुखपृष्ठ बघूनच विचारतो, "आत्या, चऱ्हाट म्हणजे चरित्र का?"

आधी हसू आलं. मग वाटलं, पोरगं फार लांब गेलेलं नाही. थोरामोठ्यांचं असतं ते चरित्र, चिमणरावांसारख्या साध्या माणसाचं ते चऱ्हाट. लेखकाच्या कानात तो नाद असेलही, कोण जाणे. मी त्याला सांगितलं, चऱ्हाट म्हणजे दोर. लगेच पुढचा प्रश्न, "कसला दोर?" इथे माझी गाडी अडकली. वाड्यात विहीर होती तोवर रहाटाचा दोर पाहिला होता, पण चऱ्हाट त्याहून वेगळं का, जाड का, लांब का? आणि लांबलेल्या गोष्टीला चऱ्हाटच का म्हणायचं, सुतळी का नाही?

जाणकारांनी सांगावं. रात्री साडेनऊच्या आत सांगितलंत तर उपकार होतील.

काकवी

टाचणताई, आमच्याकडे (कोल्हापूरची पश्चिम बाजू) दोराला नुसतं 'दोर' म्हणून कुणाचं भागत नसे. जनावर दावणीला बांधायचं ते दावं. बैल हाकताना हातात धरायचा तो कासरा. मोटेला लागायचा तो नाडा. चऱ्हाट म्हणजे लांबलचक, जाड, कशालाही चालणारं. गाडीत कडबा भरला की वरून आवळायला चऱ्हाट. अंबाडीचं किंवा घायपाताच्या वाखाचं (पानांतल्या धाग्यांचं) वळायचे. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी गावातली मातंग मंडळी नवी दावी, कासरे, चऱ्हाटं घेऊन यायची आणि बदल्यात धान्य न्यायची. आजोबांच्या वेळेपर्यंत हे चालू होतं, मी शेवटचं शेवटचं पाहिलंय. आता सगळं नायलॉनचं.

सुतळी का नाही, याचं उत्तर वळताना बघितलं की कळतं. एक माणूस वाख पुरवत मागं मागं सरत जातो आणि दुसरा पीळ देत राहतो. पुरवणाऱ्यानं हात आखडला नाही तर ते संपतच नाही. गोष्ट सांगणारा असाच असतो. मधेच नवा वाख जोडतो, पीळ देतो, चाललं पुढं. म्हणून "काय चऱ्हाट लावलंय!"

खळं

कोकणात आमचा सगळा कारभार सुंभावर. नारळाच्या काथ्याचा. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही" हे सगळ्यांना ठाऊक असतं, सुंभ हातात घेतलेला असतोच असं नाही. मीही 'चऱ्हाट' हा शब्द आधी पुस्तकातच वाचला, त्यामुळे भाच्याला नावं ठेवणार नाही. मला तर तो लहानपणी खाण्याचा पदार्थ वाटायचा. 'चऱ्हाट आणि दही' अशी जोडी डोक्यात कशी बसली होती, सांगता येत नाही.

ऱ्हस्वदीर्घ

एक लिहिण्यातली गोष्ट आधी. हा 'ऱ्ह' नीट लिहा. पुष्कळजण 'चर्हाट' असा रफार डोक्यावर देतात. मग उच्चारात आधीच्या 'च' वर आघात येतो आणि सगळी ढिलाई जाते. चऱ्हाट, गुऱ्हाळ, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा हे सगळे एका घरातले. आणि गंमत बघा, 'ऱ्हा' म्हणताना तोंड हसायला उघडतो तसंच उघडतं. चिं. विं.नी दोन पुस्तकांच्या नावांत तो वापरला, 'चिमणरावांचे चऱ्हाट' आणि 'एरंडाचे गुऱ्हाळ'. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आहेच. (माझं हे निरीक्षण शास्त्रीय नाही. अत्र्यांच्या 'कऱ्हेचे पाणी'तही तो आहे, पण ते आत्मचरित्र. तरी अत्रे म्हटलं की हसू आलंच.)

आता मुद्दा. चऱ्हाट आणि एरंडाचं गुऱ्हाळ, दोन्हींचा लक्षणेने अर्थ एकच: कंटाळवाणं, लांबलेलं बोलणं. म्हणजे लेखक मुखपृष्ठावरच सांगून टाकतो की मी तुम्हाला पिळणार आहे. गंभीर कादंबरीवाल्याची ही छाती नाही.

काकवी

गुऱ्हाळ निघालं म्हणून राहवत नाही.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांना 'एरंडाचं गुऱ्हाळ' यातला विनोद अर्धाच कळतो. खऱ्या गुऱ्हाळात बघा: घाण्यात ऊस जातो, एका बाजूनं रस, दुसऱ्या बाजूनं चिपाड. रस काहिलीत, काहील चुलवाणावर. वर येणारी मळी काढायची. गुळव्या रस उकळताना नुसता बघत उभा असतो, बोलत नाही, आणि त्याला वाटलं की 'उतरवा' म्हणतो. तो क्षण चुकला की गूळ चिक्कट होतो नाहीतर करपतो. त्याच्या थोडं आधी काढली तर काकवी, जी गरम भाकरीवर... असो, माझ्या नावाचं कारण कळलं असेल.

आता उसाच्या जागी एरंड घाला. एरंडाचा दांडा पोकळ. माणसं तेवढीच, बैल तेवढेच, घाण्याची करकर तेवढीच, रात्रभराचं जागरण तेवढंच. आणि काहिलीत काय? काही नाही. नुसतं 'वायफळ बडबड' असा अर्थ दिला की हे सगळं दृश्य गळून पडतं. शब्दकोशातला अर्थ बरोबर असतो पण हसू येत नाही, ते यामुळं.

मांडवी

बडोद्याहून लिहितेय. चिं. वि. इथल्या कॉलेजात पाली शिकवायचे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बौद्ध वाङ्मयाचा गाढा अभ्यासक. आमच्या आजीला याचं कौतुक त्यांच्या विनोदाहून जास्त होतं. माझ्या पिढीला मात्र चिमणराव-गुंड्याभाऊ म्हटलं की दूरदर्शनवरचे प्रभावळकर आणि बाळ कर्वेच आठवतात. पुस्तक नंतर वाचलं, आणि वाचताना आवाज त्यांचेच ऐकू आले.

टाचणताई, भाच्याला नावांकडे लक्ष द्यायला सांगा. चिमणराव, बायको काऊ, मुलं मैना आणि राघू. सगळं घर म्हणजे पक्ष्यांचं झाड. मला हे पहिल्या वाचनात कळलंच नव्हतं. 'काऊ' हे आमच्या शेजारच्या एका काकूंचं खरंच घरातलं नाव होतं, त्यामुळे त्यात विनोद आहे असं वाटलंच नाही.

टाचण

मंडळी, कालची रात्र निभावली. कासरा, दावं, नाडा, चऱ्हाट हा क्रम म्हणून दाखवला. गुऱ्हाळ त्याला फारच आवडलं. त्याचा अभिप्राय: "म्हणजे आमच्या शाळेतली असेंब्ली." एरंड त्याला समजला.

पण आता त्यानं कपाटाच्या त्या कप्प्यासमोर मांडी ठोकलीय आणि एकेक कणा वाचून प्रश्न विचारतोय. खोगीरभरती. पुरचुंडी. चकाट्या. सुदाम्याचे पोहे. मला पहिल्यांदाच जाणवलं की आमच्या विनोदी पुस्तकांची नावं काढली तर अडगळीची खोली आणि स्वयंपाकघराचा फडताळ होतो. या कप्प्यातल्या एकाही नावात 'हास्य' नाही. (पुलंचं 'हसवणूक' आहे, पण तो शब्द रोजच्या बोलण्यात मी कधी ऐकला नाही. करमणूक म्हणावी तर ओठांवर फसवणूक येते, असा काहीतरी डाव आहे त्यात.)

ऱ्हस्वदीर्घ

पोह्यांपासूनच सुरुवात करायला हवी, कारण मराठीतला हा प्रकारच तिथून सुरू होतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा पहिला संग्रह 1910 चा, 'अठरा धान्यांचे कडबोळे'. अठरा लेख म्हणून अठरा धान्यं. पुढे लेख वाढून बत्तीस झाले तेव्हा नाव आलं 'सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्य बत्तिशी'.

'बत्तिशी' वर जरा थांबा. बत्तीस लेख ही एक बत्तिशी. सिंहासनबत्तिशी ही दुसरी. आणि हसल्यावर दिसते ती तिसरी. आपल्याकडे 'बत्तिशी वठली' असंही म्हणतात, कुणी अभद्र बोललं आणि ते खरं झालं तर. एका शब्दात चार ताटं वाढलीत, आणि खुलासा म्हणून एक ओळ नाही. कोटी करून वर 'कळली का?' असं विचारणारा लेखक मला सहन होत नाही, तसे वक्ते तर अजिबात नाही.

खळं

कडबोळं हल्ली वर्तमानपत्रात जास्त दिसतं, फराळाच्या ताटात कमी. आघाडीचं सरकार आलं की अग्रलेखात 'अठरा धान्यांचं कडबोळं' हटकून येतं. आईचा यावर आक्षेप आहे. तिचं म्हणणं, वेगवेगळी धान्यं भाजून दळलेली भाजणी नीट असेल तर कडबोळं मोडत नाही, खुसखुशीत होतं. मोडतं ते मोहन चुकलं तर. अग्रलेखवाल्यांनी कधी कडबोळी वळलेली नाहीत, एवढंच यातून सिद्ध होतं.

'खुसखुशीत' सुद्धा बघा. लेख खुसखुशीत, करंजी खुसखुशीत. दोन्हींत दात लागल्याबरोबर काहीतरी सुटलं पाहिजे. दाताला चिकटला तो विनोद आणि ती करंजी, दोन्ही फसले.

मांडवी

सुदाम्याचे पोहे आणि पुलंची 'पुरचुंडी' मला नेहमी एकत्र आठवतात. सुदामा पोहे कशात घेऊन गेला? फडक्याच्या पुरचुंडीतच. द्वारकेच्या राजाकडे जाताना हातात ते, म्हणून तो लपवत होता, आणि कृष्णानं ओढून घेतलं. कोल्हटकरांचं स्वतःचं नाव श्रीपाद कृष्ण! आता सुदामा कोण आणि कृष्ण कोण, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पुरचुंडी आणि पुडी यांत मात्र गल्लत नको. पुडी कागदाची, दुकानदार बांधतो. पुरचुंडी फडक्याची, घरचं माणूस बांधतं, आणि तिला गाठ असते. आजी दळणाच्या पैशांची पुरचुंडी कनवटीला लावायची. बोचकं नि गाठोडं म्हणजे तिचे थोरले भाऊ.

काकवी

खोगीरभरतीवर मी बोलतो, घोड्याशी संबंध आलाय म्हणून. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं जीन, शब्द फारसीतून आलेला. त्यात चिंध्या, लोकर, काथ्या, मिळेल ते भरतात, ती खोगीरभरती. तिथून अर्थ आला संख्या भरायला घेतलेली निरुपयोगी माणसं किंवा वस्तू. सभेत खुर्च्या भरायला आणलेले लोक, पुस्तकाची पानं भरायला घातलेला मजकूर. पुलंनी सुरुवातीच्याच एका पुस्तकाला हे नाव दिलं.

माझा या रूढ अर्थावरच राग आहे. भरती काढून घ्या आणि बसा घोड्यावर. लाकूड घोड्याच्या पाठीला लागतं, मैलभरात जखम. चिंध्या निरुपयोगी आहेत, हे ठरवलं कुणी? वर बसणाऱ्यानं. घोड्याला विचारलं असतं तर शब्दाचा अर्थ उलटा झाला असता.

ऱ्हस्वदीर्घ

काकवीराव, मान्य. पण अर्थ वापरणारे ठरवतात, घोडे नाही.

'व्यक्ती आणि वल्ली' राहिलंच. माझे एक विद्यार्थी 'वल्ली' म्हणजे वेल समजून बसले होते, संस्कृतच्या हिशोबाने चुकले नव्हते. हा वल्ली वेगळा. मूळ अरबी 'वली', म्हणजे देवाच्या जवळचा, सत्पुरुष. असा माणूस चारचौघांसारखा वागत नाही, म्हणून मराठीत 'वल्ली' म्हणजे तऱ्हेवाईक. आणि वलीचं अरबी अनेकवचन 'औलिया', आपला 'अवलिया'. म्हणजे व्याकरणाप्रमाणे एक असला तर वल्ली, चार जमले तर अवलिया. आपण एकट्या माणसालाच अवलिया म्हणतो. काही एकटे असतातही तसे, चौघांचा गोंधळ घालणारे.

मात्र 'वेडा' आणि 'वल्ली' यांत फरक ठेवा. वेड्याला टाळतात. वल्लीची वाट बघतात आणि तो आला की घड्याळ बघतात.

खळं

'चकाट्या' कुणी सांगितलं नाही. द. मा. मिरासदारांचं पुस्तक. चकाट्या पिटणे म्हणजे काम सोडून गप्पा हाकणे, पारावर, एसटीच्या थांब्यावर. चकाट्यांना विषय लागत नाही आणि त्यात कुणी जिंकत नाही. आत्ता आपण करतोय तेच. 'मिरासदारी' हे तर आडनावातच सापडलेलं नाव. मिरास म्हणजे वडिलोपार्जित हक्क, मिरासदारी म्हणजे ती वहिवाट. आडनावानं लेखकाला तयार शीर्षक दिलं, ही सवलत आमच्यासारख्या आडनावांच्या लोकांना नाही.

टाचण

सगळ्यांचे आभार. सगळं सांगितलं नाही, थोडं ठेवलंय, नाहीतर त्यालाच चऱ्हाट वाटायचं. एक कबूल करते. हे शब्द मी चाळीस वर्षं वाचत आलेय आणि अंदाजानं हसत आलेय. काल 'एरंडाचे गुऱ्हाळ' पुन्हा उघडलं तेव्हा नाव वाचूनच फिसकन हसू आलं, आतलं पान उलटायच्या आधी.

भाच्याची प्रगती: काल सोसायटीच्या मुलांचा क्रिकेटचा सामना झाला, त्याला बारावा गडी केलं होतं. घरी येऊन म्हणाला, "मी खोगीरभरती." मी घाबरत घाबरत काकवीरावांचा घोडा सांगितला. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "पण घोडा कोण मग? कॅप्टन?"

आज सकाळी आमच्या आईनं फोनवर सांगितलं की त्याचं हे ऐकून तिची हसून हसून मुरकुंडी वळली. झालं. "आत्या, मुरकुंडी कुंडीत लावतात का?"

साडेनऊपर्यंत वेळ आहे.