मदत हवी आहे: ग्रांटवर ऑटोमेशन सॉफ्टवेअर घेतोय, व्हेंडरला आगाऊ रक्कम भरू का?

बारा_भानगडी
स्टॉक, खरेदीच्या ऑर्डरी आणि इन्व्हॉइस आपोआप निघतील असं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. निम्मे पैसे सरकार देतं असं व्हेंडर सांगतो. त्याला २०% आगाऊ हवेत, शुक्रवारनंतर हा भाव मिळणार नाही म्हणे. भरू का? आणि ग्रांटचे पैसे त्याला थेट जातात की मला मिळतात? पोर्टलवरचं सगळं वाचत बसायला वेळ नाही. हो की नाही एवढंच सांगा.

हिशेबनीस
कुठलं सरकार?

उद्योगी_मन
आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाका. फुकट असते. मग झेड प्रमाणपत्र (दर्जाचं सरकारी प्रमाणपत्र) घ्या, सूक्ष्म उद्योगाला ८०% सवलत आहे, लघुला ६०%, मध्यमला ५०%. शिवाय सीएलसीएसएस या केंद्राच्या योजनेत १ कोटीपर्यंतच्या कर्जावर १५% भांडवली सबसिडी मिळते. सगळ्यांनी लाभ घ्यावा.

हिशेबनीस
उद्योगी_मन, सर्वसाधारण गटासाठी सीएलसीएसएसची मुदत मार्च २०२० मध्येच संपली. चालू होती तेव्हाही ती यंत्रसामग्रीच्या कर्जावर होती. झेडची सवलत प्रमाणपत्राच्या फीवर असते, सॉफ्टवेअरच्या बिलावर नाही. आणि धागाकर्ते भारतात आहेत हे कुणी सांगितलं?

बारा_भानगडी
सॉरी, सिंगापूर. पीएसजी, म्हणजे प्रॉडक्टिव्हिटी सोल्यूशन्स ग्रांट. लिहायचं राहिलं.

खटपट्या
मग उत्तर "नाही". एक डॉलरही भरू नका.

अर्ज दाखल होण्याआधी व्हेंडरला पैसे दिलेले असतील किंवा करारावर सही झालेली असेल, तर अर्ज बाद होतो. कारण साधं आहे: ग्रांटशिवायही तुम्ही ते घेणारच होतात, मग सरकारने पैसे कशाला द्यायचे?

क्रम असा. गोबिझनेस या सरकारी संकेतस्थळाच्या यादीत ते सॉफ्टवेअर पूर्वमंजूर आहे का ते बघा. व्हेंडरचं नाव सापडलं म्हणून थांबू नका, नेमकं पॅकेज जुळलं पाहिजे. एकाच व्हेंडरची दोन पॅकेजं यादीत असतात आणि तो कोट (दरपत्रक) तिसऱ्याचाच देतो, असं सर्रास होतं. मग त्या पॅकेजचा कोट घ्या, कॉर्पपासने (कंपनीचं सरकारी लॉगिन) बिझनेस ग्रांट्स पोर्टलवर अर्ज टाका आणि लेटर ऑफ ऑफर (मंजुरीचं पत्र) येईपर्यंत शांत बसा. ते पोर्टलवर स्वीकारलं की मग ऑर्डर, पूर्ण पैसे, बसवणं, प्रत्यक्ष वापर. क्लेम सगळ्यात शेवटी. पैसे तुमच्या कंपनीला परत मिळतात, म्हणजे आधी पूर्ण बिल तुमच्याच खिशातून जातं.

बिल कंपनीच्या खात्यातून भरा. संचालकाच्या वैयक्तिक कार्डावरून भरलं की क्लेमच्या वेळी पैसे कंपनीने दिले हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता तुम्ही सांगा: सिटिझन किंवा पीआर (कायम रहिवासी) भागधारकांकडे किती टक्के शेअर? सॉफ्टवेअर कोण वापरणार? कशावर सही केली आहे का?

जुगाडबहाद्दर
एवढा सव्यापसव्य कशाला? महिन्याच्या भाड्यावरचं साधं इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर घ्या, स्प्रेडशीटला एक स्क्रिप्ट जोडा. स्टॉक ठरलेल्या आकड्याखाली गेला की खरेदीची ऑर्डर मेलवर जाते. ग्रांटच्या यादीतली पॅकेजं फुगवलेली असतात. तुम्हाला लागणार नाहीत अशी चार मॉड्यूल आणि "प्रशिक्षणाचे ३ दिवस" त्यात कोंबलेले असतात.

खटपट्या
भाव फुगवलेले असतात हे अगदी खोटं नाही. पण स्क्रिप्ट लिहिणारा सोडून गेला की ती कोण सांभाळणार? दोन माणसांनी एकाच वेळी एकच ओळ बदलली की स्टॉक चुकतो, आणि ते कळतं थेट मोजणीच्या दिवशी.

जुगाडबहाद्दर
व्हेंडर बुडाला तर त्याचं सॉफ्टवेअर कोण सांभाळतं?

हिशेबनीस
दोघेही जरा थांबा, आधी आकडे मांडू. समजा पॅकेज १२,००० डॉलरचं आहे. ९% जीएसटी धरून बिल १३,०८०. ग्रांट जीएसटी सोडून मोजतात, म्हणजे १२,००० च्या ५०%, ६,०००. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल तर १,०८० इनपुट टॅक्समध्ये (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) सुटतील आणि खरा खर्च ६,०००. नसाल तर ७,०८०. "निम्म्या किमतीत" हे दुसऱ्या बाबतीत खरं नाही. मधल्या काळात पूर्ण १३,०८० अडकून राहतात, ते उसने आणणार असाल तर त्याचं व्याजही धरा. कंपनीला वर्षाला ३०,००० ची कमाल मर्यादा आहे, आधी दुसरं काही घेतलं असेल तर ते वजा करा. आणि ग्रांटमधून झालेल्या भांडवली खर्चावर कॅपिटल अलाउन्स (करातली घसाऱ्यासारखी वजावट) मिळत नाही, तो फक्त तुमच्या वाट्यावर.

जुगाडबहाद्दरांच्या पर्यायाची तुलना करायची तर १२,००० शी नको, ६,००० शी करा. आणि दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण पूर्ण भावाने पडणार हे त्यात धरा. ते कोटमध्ये सहसा तळाशी बारीक अक्षरात असतं.

शुद्धलेखक
धाग्यात सगळीकडे "ग्रांट" का? अनुदान हा चांगला शब्द आहे.

हिशेबनीस
अनुदान म्हटलं की लोकांना वाटतं पैसे आधी हातात येतात. इथे "परतावा" जास्त खरा.

शुद्धलेखक
परतावा म्हणजे गुंतवणुकीवर मिळतो तो. ही "प्रतिपूर्ती" झाली.

बारा_भानगडी
शब्द नंतर ठरवा हो. मी पीआर आहे, ४०% शेअर माझे, ६०% भारतातल्या कंपनीकडे. पॅकेज यादीत आहे, आत्ता तपासलं. १० लायसन्स घेतोय, ४ इथे आणि ६ भारतातल्या बॅक ऑफिसला. पैसे दिलेले नाहीत. ऑर्डर फॉर्मवर मंगळवारी सही केली आहे, पण तो करार नाही, नुसता फॉर्म आहे. चालेल ना?

खटपट्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!

४०% ठीक, किमान ३०% लागतात. पण ६०% दुसऱ्या कंपनीकडे आहेत, म्हणून उलाढाल आणि माणसं पूर्ण ग्रुपची मोजली जातील. १० कोटी डॉलरपर्यंत उलाढाल किंवा २०० पर्यंत कर्मचारी, दोन्हींपैकी एकात बसलात तरी पुरे. भारतातली कंपनी मोठी असेल तर इथेच गाडी अडेल.

लायसन्स: सॉफ्टवेअर सिंगापूरमध्ये वापरलं गेलं पाहिजे ही अट आहे. बाहेरची ६ वेगळ्या बिलावर, स्वतःच्या पैशाने घ्या. एकाच बिलात घालून क्लेम केलात तर लॉगिनचे स्क्रीनशॉट मागितल्यावर काय दाखवणार?

फॉर्मवर सहीच्या वर काय छापलंय ते जसंच्या तसं इथे टंका.

बारा_भानगडी
"स्वाक्षरीनंतर ऑर्डर पक्की समजली जाईल व रद्द करता येणार नाही."

खटपट्या
मग तो करारच झाला, वर नाव काहीही असो. व्हेंडरकडून ऑर्डर रद्द केल्याचं लेखी घ्या. त्यानंतर सगळी हकिगत लिहून एंटरप्राइज सिंगापूरला (पीएसजी हाताळणारी सरकारी संस्था) विचारा की आता नवा अर्ज चालेल का, आणि लेखी उत्तर आल्यावरच अर्ज टाका. व्हेंडर म्हणेल "फॉर्म फाडून टाकू, नव्या तारखेचा करू". त्याला नाही म्हणा. जुनं लपवून अर्ज करणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि घोषणापत्रावर नाव तुमचं असतं, त्याचं नाही. "तुमचा वाटा मी कॅशबॅकने परत देतो" म्हणाला तर फोन ठेवा, तो सरळ गैरव्यवहार आहे.

जुगाडबहाद्दर
मी तेच म्हणत होतो, भाड्यावरचं घ्या.

हिशेबनीस
भाड्यावरचं घ्या की यादीतलं, ते इन्व्हॉइसनाऊला (सिंगापूरचं ई-इन्व्हॉइसचं सरकारी जाळं) जोडलेलं आहे का ते बघा. ऐच्छिक जीएसटी नोंदणी करणाऱ्या नव्या कंपन्यांना नोव्हेंबर २०२५ पासून ते सक्तीचं होऊ लागलं आहे. पीडीएफ मेलवर पाठवणं म्हणजे ई-इन्व्हॉइस नव्हे.

बारा_भानगडी
व्हेंडरशी बोललो. रद्द करायला तयार आहे, पण लेखी द्यायला कुरकुरतोय.

खटपट्या
लेखी मिळेपर्यंत अर्ज टाकू नका. भाव गेला तर जाऊ द्या, पुढच्या महिन्यात तीच "शेवटची संधी" परत येईल.

उद्योगी_मन
मग भारतातल्या कंपनीची उद्यम नोंदणी झाली आहे का?