तळमजल्यावर कॉलम फोडलाय, तक्रार कुठे करू?

मधुरा, डोंबिवली

आमची इमारत १९९१ ची, तळमजला अधिक तीन. तळमजल्यावरचा फ्लॅट दिवाळीत विकला गेला, नवे मालक तिथे दुकानाचा गाळा काढतायत. सोमवारपासून ब्रेकर चालू आहे. काल कचरा टाकायला खाली उतरले तर दार सताड उघडं. हॉल आणि बेडरूममधली भिंत गायब, आणि तिच्या टोकाच्या कॉलमचं काँक्रीट गुडघ्यापासून कमरेपर्यंत एका बाजूने काढलेलं. सळ्या उघड्या, त्यातली एक कापून वाकवलेली. मिस्त्री म्हणाला, "काकू, शटरला आड येत होता, थोडा छाटला. नंतर भरून घेऊ."

माझं घर बरोबर त्याच्यावर. सासूबाई ८२ वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचा पलंग त्याच कोपऱ्यात. रात्री दोनदा उठून भिंतीला भेग पडलीय का ते टॉर्च लावून पाहिलं.

सचिव म्हणतात, सोसायटीची एनओसी दिलीय, आता काही करता येत नाही. खरंच का? आणि तक्रार केली तर माझं नाव त्यांना कळेल का? जिन्यात रोज गाठ पडते.

निवृत्त उपअभियंता

ताई, आधी फोन करा. ११२ किंवा अग्निशमन दल १०१. "कॉलमची सळई कापलीय, वर माणसं राहतात" एवढंच सांगा. सासूबाईंना आजच दुसरीकडे हलवा. घाटकोपरची साईसिद्धी इमारत आठवा. जुलै २०१७ मध्ये ती कोसळली, १७ माणसं गेली. तिथेही तळमजल्यावर फेरफार चालले होते.

आता परवानगीचं. रंग, प्लास्टर, फरशी, ओट्याच्या टाइल्स यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. कॉलम, बीम, स्लॅब किंवा भार घेणाऱ्या भिंतीला हात लावायचा तर लागते. राहत्या घराचं दुकान करायचं तर वापर बदलतो, त्यालाही लागते. सोसायटीची एनओसी म्हणजे शेजाऱ्यांची हरकत नाही एवढंच, महापालिकेची परवानगी नव्हे. हे सचिवांना जरूर सांगा.

लेखी तक्रार प्रभाग कार्यालयात द्या, प्रत नगररचना विभागाला. त्यात फ्लॅट क्रमांक, तारीख, काय तोडलं आणि फोटो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ५४ लिहा, काम थांबवण्याचा अधिकार त्यात आहे. पोच घेतल्याशिवाय, आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या नोकरीत तोंडी तक्रारीवर फाइल उघडलेली मी पाहिली नाही.

बदलापूरचा सचिव

नावाची भीती मलाही होती. "माझे नाव गुप्त ठेवावे" असं अर्जात लिहिता येतं, पण चार मजल्यांच्या इमारतीत कोणी दिली ते लोक ओळखतातच. आम्ही सात कुटुंबांनी मिळून सह्या केल्या, त्यामुळे एकट्यावर राग आला नाही. माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागा, फी दहा रुपये. एरवी उत्तराला तीस दिवस असतात, पण जीविताचा प्रश्न असेल तर कायद्यात ४८ तास आहेत. अर्जात तसं ठळक लिहा.

मधुरा, डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी १०१ ला फोन केला, तासाभरात माणसं आली. संध्याकाळी प्रभागाचे अभियंता आले, पंचनामा झाला, काम बंद. कॉलमच्या दोन्ही बाजूंना लोखंडी जॅक लावलेत. तक्रारीवर पाच घरांच्या सह्या, त्यात सचिवांचीही. सासूबाईंना नणंदेकडे कल्याणला सोडलं.

एकच विचारायचंय. मालक म्हणतात त्यांच्याच ओळखीचा इंजिनिअर तपासणी करून दाखला देईल. तो आम्ही मानायचा का?

निवृत्त उपअभियंता

नाही. सोसायटीने स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमावा, महापालिकेच्या यादीतला. खर्च मालकाकडून लेखी कबूल करून घ्या. कॉलमचं जॅकेटिंग (भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं वेष्टण) होऊन त्या इंजिनिअरचा अहवाल हातात येईपर्यंत एकही जॅक काढू देऊ नका. इमारत तीस वर्षांपुढची आहे, तर कायद्याने पूर्ण स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, तसंही करायचंच आहे. ते याच फेरीत उरकून घ्या.