दुपारी पुस्तक उघडं असतं, डोक्यात काही शिरत नाही. जेवणाचं कारण असेल का?

देवपूरची अभ्यासू (धुळे)

राम राम मंडळी. मी मूळची शिरपूर तालुक्यातली, सध्या धुळ्याला देवपुरात खोली घेऊन राज्यसेवेचा अभ्यास करते. सकाळी अभ्यासिकेत बसले की दीड-दोन तास छान जातात. अकराच्या सुमारास हात थरथरल्यासारखे होतात, चिडचिड होते, मग खाली टपरीवर चहा. दुपारी मेसमध्ये जेवून आले की चार-साडेचारपर्यंत नुसतं पान समोर असतं. राज्यघटनेचं एकच कलम पुन्हा पुन्हा वाचते आणि पान उलटलं की आठवत नाही. पूर्वपरीक्षेत सीसॅटचा, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर नेमका दुपारीच असतो. पात्रतेपुरताच असला तरी उतारे वाचून समजायला तर हवेत.

खाण्याचं सांगते. सकाळी चहा-टोस्ट, कधी तेही नाही. मेसमध्ये पोळ्या, बटाट्याची रस्सा भाजी, पातळ वरण आणि भरपूर भात. जेवण झालं की लगेच चहा, आम्ही सगळ्याच मुली घेतो. संध्याकाळी शेव-मुरमुरे नाहीतर भजी. आई अधूनमधून गावाहून एसटीने डबा पाठवते, त्यात कळण्याची भाकरी, ठेचा, कधी भरीत. त्या दिवशी दुपार जरा बरी जाते असं मला वाटतं. घर माळकरी, त्यामुळे अंडंही नाही. सोमवार आणि चतुर्थी धरते. पाणी कमी पिते, कारण अभ्यासिकेत मुलींसाठी एकच शौचालय आहे आणि त्याची अवस्था सांगण्यासारखी नाही.

एका मैत्रिणीने स्मरणशक्तीच्या पावडरचा डबा सुचवला आहे. महाग आहे. घेऊ का? की खाण्यात काही बदल करू? घरी सांगितलं तर आई काळजीत पडेल, म्हणून इथे विचारते.

भुसावळचा मालगाडीवाला

ताई, मी लोको पायलट. आमच्या कामात डोळा लागणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, म्हणून या विषयावर आमच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत, फार बोलणं होतं.

एक गोष्ट मनातून काढून टाका, की दुपारची झोप म्हणजे आळस. शरीराच्या घड्याळातच दुपारी एक उतार असतो. न जेवलेल्या माणसालाही तो येतो, भरपेट भात खाल्ला की जास्त जाणवतो. वरण-बट्टी आणि वर तुपाची वाटी खाऊन ड्युटीवर जायचं नाही, हे आम्हाला जुन्या ड्रायव्हर लोकांनी शिकवलं. वरण-बट्टी घरी, सुट्टीच्या दिवशी. ड्युटीच्या डब्यात दोन भाकरी, घट्ट डाळ, कांदा, ताक. पोटात थोडी जागा ठेवून उठायचं.

जेवल्यावर दहा मिनिटं चाला. जमलं तर पंधरा-वीस मिनिटं डोकं टेकून झोपा, गजर लावून. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं आणखी जड होतं. आणि रात्रीची झोप किती होते ते तुम्ही लिहिलंच नाही. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं कॅफिन रात्री अकरालाही निम्म्याच्या आसपास रक्तात असतं. रात्री झोप नाही, म्हणून दुपारी पेंग, म्हणून परत चहा. या फेऱ्यात अडकलेले बरेच जण मी पाहिले आहेत.

चोपड्याची लॅबवाली मावशी

बेटा, पावडर घेऊ नकोस. त्या पैशात रक्त तपासून घे. मी लॅब टेक्निशियन आहे. तुझं लिहिणं वाचताना आमच्या बाकावर बसणाऱ्या मुलीच डोळ्यांसमोर आल्या. त्या ‘अशक्तपणा आहे’ असं कधी म्हणत नाहीत. ‘मावशी, अभ्यासात लक्ष लागत नाही’ एवढंच म्हणतात. सोबतची आई म्हणते, मोबाइलमुळे होतं. आणि रिपोर्ट निघतो तेव्हा हिमोग्लोबिन नऊ, कधी आठ. बायकांचं ते किमान १२ पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता. त्या निम्म्यात एमपीएससी करणाऱ्या पोरीही आल्याच की.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा तोच घेतो. त्याला साखर पाहिजे आणि ती जाळायला ऑक्सिजन पाहिजे. तो ऑक्सिजन हिमोग्लोबिन वाहून नेतं. शिवाय लक्ष टिकवायला मेंदूत डोपामिन नावाचं जे रसायन लागतं, ते तयार व्हायलाही लोह लागतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नको, फेरिटिनही कर. हिमोग्लोबिन काठावर बरोबर आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला, असे रिपोर्ट मी कितीतरी काढले आहेत. पाळी जास्त जात असेल तर हे नक्कीच बघ.

दुसरं बी-१२. तू अंडंही खात नाहीस, म्हणजे तुला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळणार. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि पेलाभर दुधातून साधारण एक मिळतं. तुझ्या जेवणात दूध फक्त चहापुरतं दिसतं. बी-१२ कमी झालं की विसरायला होतं, तळपायाला मुंग्या येतात, जीभ लाल होऊन हुळहुळते. यातलं काही होतं का ते बघ. सोबत थायरॉइडची टीएसएच करून घे, तीही बिघडली की डोकं असंच मंद होतं. सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीला, उपाशी राहायची गरज नसते, त्यामुळे वेळ मिळेल तेव्हा जा. हिमोग्लोबिन आणि सीबीसी सरकारी दवाखान्यात होतं.

आता चहाचं. चहा सोडायला मी सांगणार नाही, खान्देशात कोण ऐकेल? पण जेवणाला लागून घेऊ नकोस. चहातली टॅनिनं जेवणातलं लोह धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. आपलं शाकाहारी लोह तसंही कमीच शोषलं जातं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं तरी अंतर ठेव. उलट वरणावर लिंबू पिळलंस की त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. लिंबू, पेरू, आवळा, थंडीत आपली मेहरूणची बोरं, जे मिळेल ते खा.

अकराची थरथर म्हणजे रात्रीपासूनची भूक आणि रिकाम्या पोटात गेलेला चहा, दोन्ही मिळून. टोस्ट मैद्याचा, तो किती वेळ पुरणार? रात्री मूठभर मटकी नाहीतर हरभरे भिजत घाल, सकाळी कांदा-लिंबू घालून खा. गॅस असेल तर त्यांची उसळ कर. सोबत कपभर दूध. खर्च किती येतो ते बघ आणि त्या डब्याची किंमत शेजारी लिही.

आईच्या डब्याच्या दिवशी बरं वाटतं, तो तुझा भास नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेले असतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी, तो उडीद भरून काढतो. कोंडा असतो म्हणून ती सावकाश पचते आणि साखर एकदम चढून उतरत नाही. बटाटा आणि भात एकाच ताटात आले की नेमकं ते चढणं-उतरणं होतं. मेसमध्ये आधी भाजी, वरण, काकडी-कांदा खा, मग पोळी, आणि भात शेवटी थोडा.

पाण्याचं वाचून मात्र मला फार वाईट वाटलं. शरीरातलं पाणी वजनाच्या एक-दोन टक्क्यांनी कमी झालं तरी लक्ष उडतं, डोकं दुखतं. पन्नास किलोच्या मुलीसाठी ते अर्धा ते एक लिटर झालं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर असतो, तेवढं पाणी दुपारपर्यंत घामातच जातं. वर लघवी धरून ठेवलीस की जंतुसंसर्ग, तेही रिपोर्ट मी रोज बघते. तुम्ही सगळ्या मुली मिळून मालकाला भेटा. फी मुलांइतकीच देता ना? मग स्वच्छ शौचालय हा तुमचा हक्क आहे. एकटी जाऊ नको, दहाजणी जा.

रावेरचा केळीवाला

मावशींनी सगळं सांगितलंच आहे. एक भर घालतो, तीही घरच्या मालाची म्हणून नाही. पिशवीत एक केळ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवत जा, ताई. पिकलेल्या केळात साधारण शंभर कॅलरी असतात. नुसतं केळ खाल्लं तर भूक लवकर परत येते, शेंगदाण्यासोबत खाल्लं तर टिकते. माझा मुलगा बारावीला जळगावला होता तेव्हा तो दुपारच्या पेपरआधी हेच खायचा. परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधे वडापाव-समोसा टाळा. आणि परीक्षेला जे खाणार असाल त्याची सवय महिनाभर आधीपासून लावा. नवा प्रयोग त्या दिवशी नको.

देवपूरची अभ्यासू (धुळे)

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तळपायाला मुंग्या येतात, पण जास्त वेळ बसल्यामुळे असेल असं मी धरून चालले होते. दादा, झोप पाच-साडेपाच तास होते. मालकाकडे जाण्याचं मैत्रिणींना सांगितलं, सगळ्या तयार आहेत.

आता उपासाचं विचारते. सोमवारी दिवसभर साबुदाणा खिचडी आणि चहा असतो. त्या दिवशी तर काहीच सुचत नाही. उपास सोडायची माझी इच्छा नाही, तो मी मनापासून करते.

चोपड्याची लॅबवाली मावशी

सोडू नकोस, बेटा. ताट बदल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रथिन नावालाच. त्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी कर, सोबत वाटीभर दही. राजगिऱ्याची भाकरी-लाडूही चालतो, राजगिऱ्यात प्रथिन आणि लोह दोन्ही बरे असतात. दुपारी ताक, संध्याकाळी दूध आणि एखादं फळ. चहा दोन कपांवर थांबव. सोमवारी पाठांतराचं जड काम सकाळी उरकून दुपारी नकाशे नाहीतर जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्यास तर तेही हलकं पडेल.

मुंग्यांचं अंगावर काढू नकोस. बी-१२ याच आठवड्यात कर, आणि तपासणीआधी कुठलीही मल्टिव्हिटॅमिन गोळी सुरू करू नकोस, आकडा फसवा येतो. नुसती फॉलिक ॲसिडची गोळीही स्वतःच्या मनाने नको. तिने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ ची कमतरता आत नसांना त्रास देत राहते. रिपोर्ट आला की डॉक्टरांना दाखव. गोळी की इंजेक्शन ते तेच ठरवतील. आणि आईला सांग. काळजी करेल, पण डब्यात भाकरीसोबत काय पाठवायचं हे तिला कळेल.

झोप साडेपाच तास फार कमी आहे. मालगाडीवाले भाऊ, तुम्हीच हिला ते नीट समजावून सांगा.