मदत हवी आहे: ए-लेव्हल जर्मनच्या तोंडी परीक्षेसाठी

नमस्कार मंडळी. लेक इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला (म्हणजे आपल्या बारावीसारखं) जर्मन घेऊन शिकतेय, बोर्ड एक्यूए. जीसीएसईला (तिथली दहावी) छान ग्रेड होती, म्हणून हौसेने विषय घेतला. आता फेस येतोय. वर्गात मुलं दोनच, त्यामुळे शाळेने तासही कमी केलेत.

लेखीचं ती बघून घेईल. काळजी तोंडीची, कारण तिला ३० टक्के वजन आहे. त्यात स्वतः निवडलेल्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं आणि मग नऊ-दहा मिनिटं परीक्षकाच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. विषय जर्मनभाषक देशांशी निगडित हवा. तिच्या डोक्यात जर्मनीतला संस्कृतचा अभ्यास आहे: १८१८ साली बॉनला संस्कृतचे अभ्यासक ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल प्राध्यापक झाले, तिथून पुढे. (आजोबांची कृपा!) मला तो फार पसरट वाटतो. एकच विद्यापीठ किंवा एकच माणूस धरावा का? आणि झेपेल असं जर्मन वाचन कुठे मिळेल?

दुसरं, विशेषणांचे प्रत्यय. वहीत सगळं बरोबर, पण बोलताना ‘मिट आइनेम...’ (‘एका अमुक-तमुकबरोबर’) म्हणून थांबते, मनात तक्ता चाळते आणि तोवर वाक्याचा जीव जातो. यावर नुसतं पाठांतर चालत नाही असं माझं मत.

पुण्यात मॅक्स म्युलर भवनात बी-२, सी-१ (जर्मनच्या वरच्या पातळ्या) केलेलं कुणी शनिवार-रविवारी ऑनलाइन गप्पा मारायला तयार आहे का? फी अर्थातच देऊ. व्याकरण शिकवणारे बरेच मिळतात, आम्हाला वाद घालणारं माणूस हवंय.